नाव विचारतंय, काय घालू?

"अगो, नाव विचारतंय, काय घालू?" असं मी विचारलं तेव्हा तू मेली होतीस. मला ते ठाऊक नव्हतं. माझी पाठ तुझ्या खाटेकडे होती आणि तोंड लॅपटॉपकडे. दुपारचे तीन वाजून गेले होते, उमेश वास्कोला कामावर होता, घरात सासू-सून आपण दोघीच. अर्धा तास ते टक्के वर सरकत होते आणि मी प्रत्येक आकडा तुला वाचून दाखवत होते. बासष्ट झाले, सत्तर झाले. एकोणनव्वदला तू "हूं" म्हणालीस, ते मी ऐकलं. शंभरला काही म्हणाली नाहीस. मला वाटलं, दमली असशील. मग काळ्या चौकोनात एक ओळ उमटली, तिच्या शेवटी पांढरी खूण लुकलुकायला लागली, आणि मला इतका आनंद झाला की मागे न बघताच मी ओरडले. दुसऱ्यांदा विचारलं ते रागाने. तिसऱ्यांदा वळले.

लोक म्हणतात, सासू शेवटपर्यंत जवळ होती. जवळ होते, पण तुझ्याकडे बघत नव्हते. उमेशला हे सांगितलेलं नाही. इथे वाचेल, वाचू दे.

आपण दोघी बोललो ते सगळं कोंकणीत. मी लिहिते मराठीत, कारण लिहायला मला तेवढंच शिकवलं. देवळाच्या मंडपात भरणाऱ्या शाळेत चार इयत्ता, त्याही पोर्तुगीज असतानाच्या. यावरून आपलं भांडण झालं होतं ते आठवतं? तुझ्या त्या पानावर, कंप्युटरवरच्या, रकान्याच्या डोक्यावर तू "बांय" लिहिलं होतंस. मी म्हटलं, "विहीर लिही."

"पाळी गावात कोण विहीर म्हणतं, आई?"

"म्हणत नाही. पण लिहितात तसं. उमेश चौथीत होता तेव्हा मी मराठीच्या मोर्चात चालले आहे. उन्हात."

"मी पेडण्याची. माझा बापूससुद्धा चालला आहे. पण बांय ती बांय."

दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर तू शब्द काढून तिथे विहिरीचं चित्र टाकलेलं. त्या चित्राचा मला अजून राग आहे.

तू पेडण्यातल्या केरीची, समुद्राकाठची. लग्न होऊन आलीस तेव्हा पाळीत खाणी जोरात होत्या. दारावरून ट्रक जायचे, एकाला एक चिकटून, घरात चहावरसुद्धा लाल धूळ बसायची. त्या एप्रिलात आपली विहीर तळाला गेली आणि टँकर आला. तू विचारलंस, "पाणी किती खाली गेलं?" मी म्हटलं, "खूप." तू म्हणालीस, "खूप म्हणजे किती हात?" मला राग आला. पाणी नाही म्हणजे नाही, त्यात मोजायचं काय? शेजारणीला विचारलंस, तिनेही सांगितलं खूप. तू वाडाभर फिरलीस. कोणालाच ठाऊक नव्हतं. खाणीचा खड्डा खोल करताना पंप लावून पाणी उपसतात, म्हणून विहिरी उतरतात, हे सगळे बोलायचे. किती उतरल्या, ते कोणी सांगू शकत नव्हतं.

त्या रविवारी सकाळी तू दोरीला हाताहातावर गाठी मारल्यास, खाली ट्रकचा एक जाड बोल्ट बांधलास आणि विहिरीत सोडलास. मी पायरीवर बसून हसले. पुढच्या रविवारी तुझ्यासोबत दोन बायका होत्या. वर्षभरात नऊ विहिरी झाल्या आणि नऊ बायका. एकीने मोजायचं, तुला फोन करायचा, तू ते कंप्युटरात घालायचीस. तुझी पणजीतल्या ऑफिसातली नोकरी त्यातलीच, म्हणून तू ते पान बनवलंस. प्रत्येक विहिरीची एक रेघ. मग खाणी बंद पडल्या. उमेशचा ट्रक गेला आणि तो बंदरावर लागला. आणि त्या रेघा वर चढायला लागल्या. दोन पावसाळ्यांत आपल्या विहिरीची रेघ अकरा हात वर आली. मी चष्मा लावून ती बघितली, आणि त्या दिवसापासून रविवारी दोरी मी सोडायला लागले. तू "बघा, आई आल्या," म्हणालीस, ते मी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं दाखवलं.

आता खाण परत सुरू होणार म्हणतात. ग्रामसभा बोलावलीय. तिथे सांगणारे सांगतीलच की विहिरी उन्हाळ्यात आटतात, त्यात नवीन काय. त्यांना दाखवायला आपल्याकडे त्या नऊ रेघाच आहेत, दुसरं काही नाही. आणि नेमकं तेव्हाच, इंटरनेटवरच्या ज्या भाड्याच्या जागेवर तुझं पान ठेवलेलं होतं ती जागा तीन महिन्यांनी बंद होणार असं पत्र आलं. नवीन जागा घ्यायला लागणार. नवीन जागेत जुनं काम चालेलच असं नाही, असं तू म्हणालीस. तोपर्यंत तुझे हात गेले होते. नसांचा आजार. डॉक्टरने नाव सांगितलं, मी लक्षात ठेवलं नाही, नावाने काय होतं. आधी बोटं गेली, मग मनगटं. बोलणं शिल्लक होतं, तेही थांबून थांबून.

"आई, तुम्ही माझे हात व्हा," असं काही तू म्हणाली नाहीस. तू म्हणालीस, "आई, तुम्हाला इंग्रजी अक्षरं कुठवर येतात?"

मला ट्रकच्या नंबरांची अक्षरं येत होती. वीस वर्षं दारात बसून नंबर वाचले, उमेशचा ट्रक कधी येतो ते बघताना. नंबरात नव्हती ती अक्षरं तू शिकवलीस. कीबोर्डावरची अक्षरं ट्रकसारखीच मोठी, म्हणून दाबायला अडचण नव्हती. पण स्क्रीनवर उमटायची बारकी, वेगळीच. दाबलं एक आणि दिसलं दुसरं असं वाटायचं. त्यातली दोन तर पोटं फिरवून उभी, एकीचं पोट इकडे, एकीचं तिकडे. महिनाभर मी त्यांना शिव्या दिल्या.

तुला नवीन जागेत एकदम काही घालायचं नव्हतं. "आधी घरात चालवून बघायचं. खऱ्यावर नेऊन घातलं आणि मोडलं, तर सभेत दाखवायला राहील काय?" म्हणून टेस्ट सर्व्हर. मी विचारलं ते काय. तू म्हणालीस, खरा सर्व्हर लिनक्सवर चालतो, आपला लॅपटॉप विंडोजवर. तर विंडोज तसंच ठेवून त्याच्या आत लिनक्स बसवायचं.

"म्हणजे घरात घर?"

"तसंच."

"आणि आतलं घर पडलं तर?"

"बाहेरच्याला ओरखडा येत नाही. पाहिजे तेव्हा पाडायचं, परत बांधायचं."

"त्यात राहतं कोण?"

"कोणी नाही. म्हणून तर पाडता येतं."

मी त्यावर रात्रभर, नाही, खोटं कशाला, जेवण होईपर्यंत विचार केला. जेवताना परत विचारलं, "आतल्याला ठाऊक असतं का, आपण आत आहोत ते?" तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला आणि उमेश माझ्यावर ओरडला. उत्तर दिलंच नाहीस. नंतर सतीशला विचारलं, तुझ्या ऑफिसातल्या. तो म्हणाला, "काकी, विचारलं तर सांगतं." ते मला आवडलं. पुष्कळ माणसं विचारलं तरी सांगत नाहीत.

पहिल्या दिवशी ते बसलंच नाही. लाल अक्षरं आली. मी एकेक अक्षर वाचलं, तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालीस, आत दुसरं घर बांधायची परवानगी मशीनमध्येच बंद आहे, ती मशीन सुरू होताना द्यावी लागते. बंद करून चालू करताना मी ते वरचं बटण चाळीस वेळा दाबलं असेल. निळं पान उघडलं. त्यात तू सांगितलेली ओळ मी शोधली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि सापडली. "ही परवानगी आधीपासून बंद का ठेवतात गो?" मी विचारलं. तू म्हणालीस, "बहुतेकांना लागत नाही म्हणून." मला वाटलं, आपल्याला लागली.

तुला ठाऊक होतं तू पुरी पडणार नाहीस. मला म्हणाली नाहीस, पण सगळं आधीच वहीत लिहून घ्यायला लावलंस. अकरा पानं. तू अक्षरं सांगायचीस, मी ती मराठीत लिहायची. डब्ल्यू, एस, एल, जागा, आडवी रेघ, आडवी रेघ. शब्द काय होतो हे मला कळत नव्हतं, तू सांगतही नव्हतीस, श्वास वाचवत होतीस. तिसऱ्या पानावर मात्र अक्षरं नाहीत. तिथे फक्त लिहिलंय, "इथे नाव घालायचं." कुठलं, ते नाही. तुला वाटलं असेल, यात सांगायचं काय.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडे येते.

लग्नात उमेशने ताटातल्या तांदळांवर अंगठीने तुझं नवीन नाव लिहिलं. उमा. मी निवडलं होतं ते. उमेशची उमा, आणखी काय पाहिजे? माझंसुद्धा नाव असंच बदललं, माझ्या सासूचंही. कोणी काही विचारलं नाही. तू दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलीस, पाव बुडवलास आणि म्हणालीस, "आई, मी रेश्मा आहे. उमा म्हणून हाक मारलीत तर मी वळणार नाही. मुद्दाम नाही, मला कळणारच नाही."

मुद्दाम होतं. तीन वर्षं मी "उमा, उमा" म्हणत राहिले आणि तू चुलीपाशी पाठमोरी उभी. एकदा दूध उतू जात होतं, मी ओरडले "उमा!", आणि तू दूध जाऊ दिलंस. नंतर पुसून काढलंस. मीही हरले नाही. रेश्मा म्हटलं नाही. त्यानंतर तुला नावच उरलं नाही. "गो", "अगो", "ऐकलं का". वीस वर्षं त्यावर चाललं. मूल झालं नाही, त्यावरूनही मी तुला बोलले आहे. ते इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल.

तू गेल्यावर उमेशच्या आत्या आल्या. म्हणाल्या, घरात सुतक आणि हे यंत्र कशाला चालू, बंद करा. मी म्हटलं, नाका. वायर काढू दिली नाही. सुतकात विहिरीला हात लावू नये म्हणतात. दोन रविवार मी पाणी काढलं नाही, शेजारणीने आणून दिलं. पण दोरी सोडून मोजलं. मोजणं म्हणजे काही पाणी काढणं नव्हे. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मी त्यांना आकडा ऐकवला, मोठ्याने.

बारावं झालं, पाहुणे गेले, आणि मी लॅपटॉपपुढे बसले. खूण अजून लुकलुकत होती. नाव विचारत होती. सभेला आठ दिवस राहिले होते.

मी उमा घातलं.

इंग्रजीत तीन अक्षरं, सोपी, हे खरं आहे. पण ते कारण नव्हतं. तू बघत नव्हतीस, हे कारण होतं. मला वाटलं, वीस वर्षांनी का होईना, कुठेतरी एकदा ते लिहिलं जाऊ दे. आणि ते त्याने घेतलं, लगेच, तुझ्यासारखं तोंड फिरवलं नाही. मला बरं वाटलं, खोटं का बोलू.

मग पासवर्ड विचारला. मी अक्षरं दाबली तर काही उमटेना. परत दाबली. बटणं मेली असं वाटून सतीशला फोन लावला. तो म्हणाला, "काकी, तिथे दिसत नाही. पण जातं. लिनक्सात तसंच." असं कसं यंत्र, मला वाटलं. न दिसताही आत जातं, आणि ते लक्षात ठेवतं.

चौथं पान झालं, पाचवं झालं. मला मजा यायला लागली होती. एक ओळ घातली की तो लिनक्स पन्नास ओळी बोलायचा, घाईघाईने, मग गप्प बसून परत विचारायचा, पुढे काय. सहाव्या पानावर विहिरींच्या नोंदी आतल्या घरात न्यायच्या होत्या. मी अक्षर न चुकवता घातलं. नाही म्हणाला. परत घातलं. नाही. पाच वेळा. सतीशला फोन केला आणि जे आलं ते अक्षर-अक्षर वाचलं.

तो म्हणाला, "काकी, तो म्हणतो, अशी जागाच नाही. वहीत काय लिहिलंय ते वाचा."

मी वाचलं. "तिरकी रेघ. एच, ओ, एम, ई. तिरकी रेघ. आर, ई, एस, एच, एम, ए."

सतीशने ती अक्षरं परत म्हणून बघितली. "बरोबर आहे की. काकी, सुरुवातीला नाव काय घातलं तुम्ही?"

"उमा."

"उमा कोण?"

वीस वर्षं तो तुझ्या शेजारच्या मेजाशी बसत होता. मी सांगितलं नाही कोण. मी म्हटलं, "चुकून."

त्याने दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे उमा राहू द्यायची आणि वहीत जिथे जिथे दुसरं नाव आहे तिथे बदलायचं, चौदा जागा होत्या. "ते सोपं, काकी, मी सांगतो एकेक." दुसरा म्हणजे सगळं पाडून पहिल्यापासून. मी वही पुढे ओढली आणि त्या चौदा जागा बघितल्या. तूच सांगितलेली अक्षरं, मीच लिहिलेली, थांबून थांबून. कुठे कुठे अक्षर वाकडं, कारण तू दम घ्यायला थांबलीस आणि मी पेनाचं टोक तसंच कागदावर धरून ठेवलं. महिनाभर मी तुझं नाव लिहीत होते आणि मला ते ठाऊक नव्हतं.

"पाडायची ओळ सांग," मी म्हटलं.

"सगळं जाईल हां काकी. परत विचारत नाही, एकदम जातं."

"सांग."

गेलं. पापणी लवेपर्यंत. बांधायला तुला आणि मला किती दिवस लागले होते. मग परत ते टक्के, परत अर्धा तास. या खेपेला मी खुर्ची तिरकी करून बसले, खाट दिसेल अशी. खाटेवर गादी नव्हती, उन्हात टाकलेली. तरी बघत होते. शंभर झाले, नाव विचारलं, मी घातलं. आर, ई, एस, एच, एम, ए. बारकी अक्षरं उमटली. तोंडाने म्हणूनही बघितलं. घरात कोणी नव्हतं, म्हणून काही वाटलं नाही. मग आणखी एकदा म्हटलं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "मेल्यावर काय उपयोग, आई?" बरोबर आहे. उपयोग नाही. मी माफी मागायला हे लिहीत नाही. दूध तूही जाऊ दिलंस.

सहावं पान चाललं. दहाव्यावर एकदा अडलं, मी जागा द्यायला विसरले होते. अकरावं संपलं तेव्हा सतीशने सांगितलं तसा पत्ता घातला आणि तुझं पान उघडलं, आपल्याच लॅपटॉपवर, आतल्या घरातून. वर विहिरीचं चित्र. खाली नऊ रेघा. उमेश कामावरून आला तो बूट न काढताच मागे उभा राहिला. "हे तू केलंस?" म्हणाला. मी म्हटलं, "रेश्माने सांगितलं, मी दाबलं." त्याने माझ्याकडे बघितलं. मग आत जाऊन त्याने नळ सोडला, आणि बराच वेळ तोंड धूत होता.

दोन दिवस मी ते तसंच चालू ठेवलं आणि मोडून बघितलं, तू सांगितलं होतंस तसं. चुकीचा आकडा घातला, घेतला नाही. कोरी जागा सोडली, ओरडला. खोट्यात ओरडला म्हणजे खऱ्यातही ओरडेल, म्हणून मला समाधान वाटलं. मग सतीशने वही मागून घेतली, पान-पान फोटो काढून, आणि काल नवीन जागेत सगळं चढवलं. मी फोनवर उघडून आपल्या विहिरीचे सगळे रविवार बघितले. एकही गळला नाही. सुतकातले दोन मी घातले, तेही आहेत.

सभा परवा आहे. आकडे मी वाचणार. पंचायतीचे लोक विचारतील हे कोणी केलं, तर सांगेन. ऐकून ते खाण थांबवतील की नाही, मला ठाऊक नाही. आपल्याला दाखवता येईल, एवढंच. सोबत उमेश येणार आहे, आणि मोजणाऱ्या बायका.

तू पंचेचाळीस वर्षांची होतीस. मी पंचाहत्तर. राहिले ती मी.